जायला जवळ, यायला लांब

माझ्यावर ज्यांचे सगळ्यांत जास्त उपकार आहेत, त्या लिंबाजीमामांच्या मते कॅनडातलं टोरांटो हे शहर नागपूरपेक्षा जवळ आहे.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी मामांबद्दल कृतज्ञतेने बरंच काही लिहिणार आहे. तेव्हा मी कोणत्या माणसाचे उपकार मानतो आहे, हे वाचणाऱ्याला अंधारात ठेवून कसं चालेल? मी सेलूच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. माझ्या आधी सगळ्यांनी मेंढरं राखली, आणि त्यांतल्या कुणालाही टोरांटो कुठे आहे हे माहीत नव्हतं. पण निदान चुकीचं तरी माहीत नव्हतं.

लिंबाजी खरात हे एसटीतले कंडक्टर. उमेदीची वर्षं वालूर-सेलू गाडीवर गेली आणि शेवटची काही देवगाव फाट्यावरच्या केबिनीत, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिण्यात. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, असं खात्याचं म्हणणं आहे. मामांनी ते अजून मान्य केलेलं नाही. रोज सकाळी आंघोळ करून, खाकी पँट चढवून ते फाट्यावरच्या बब्बूभाईच्या हॉटेलात सडकेकडे तोंड करून बसतात आणि प्रत्येक गाडीची हजेरी घेतात. उशिरा आलेल्या गाडीला उठून नमस्कार करतात. "या, या. वाटंत कुणी जेवायला बसवलं होतं का?" आणि एखादी गाडी चुकून वेळेवर आली, तर ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन काळजीने विचारतात, "काहून रे, घरी भांडण झालं का?"

मामांचं माप म्हणजे टप्पा. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. मामांनी तेच माप जगाला लावलं आहे. "किलोमीटर सडकीला असतंय, मास्तर. माणसाला टप्पा असतोय," असं ते मला वर्गात नापास झालेल्या मुलाला सांगावं तसं सांगतात. गावात कुणाचं लग्न ठरलं की मुलगा काय करतो हे ते विचारत नाहीत. "स्थळ बरं हाय. पण पोरीच्या आईला अकरा टप्पे पडायलेत," एवढंच म्हणतात. एकदा रक्तदाब वाढला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवा होता, हौसेने आजार समजावून सांगायला लागला. मामांनी त्याला मधेच अडवलं. "किती टप्पे ऱ्हायलेत तेवढं सांगा डॉक्टर. मधले थांबे नका सांगू." त्या दिवशी डॉक्टरचाच रक्तदाब तपासायची वेळ आली होती.

आणि खिशात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. तिकिटाचं मशीन आलं तसा हा चिमटा खात्यातून गेला. मामांच्या खिशातून गेला नाही. लग्नपत्रिका आली की आधी तिला भोक पाडतात, मग वाचतात. बब्बूभाईच्या हॉटेलातल्या वर्तमानपत्राला रोज एक भोक असतं आणि ते नेमकं राशिभविष्यात पडतं. "आज मेरा क्या होनेवाला है, वो सब मामू के चिमटे में चला जाता," अशी बब्बूभाईची जुनी तक्रार आहे.

आता उपकाराचं सांगतो. आमची वस्ती वालूरच्या अलीकडे, सडकेपासून आत. सकाळी मेंढरांचा वाडा झाडून मग मला शाळेसाठी गाडी गाठायची असे. गाडी एकच. मी रोज उशिरा. बाप म्हणाला, "गाडीच सापडत न्हाई तर शाळा कशाला पाहिजे? मेंढरं बघ, तुझ्यासाठी थांबतेत." मेंढरं खरोखरच थांबत होती.

मग गाडीही थांबायला लागली. आमच्या वाटेपाशी गाडी आली की मामा खाली उतरत आणि टायर बघत. पुढचा, मागचा, मग पलीकडचे. प्रत्येक टायरला लाथ मारत, कान देऊन ऐकत, गंभीरपणे मान हलवत. आतून लोक ओरडत, "ओ मामा, कोर्टाची तारीख हाय आमची!" मामा खालून म्हणत, "तारखेला जायचं तर टायर लागंल का नको? का जज्जसाहेब ढकलायला येणार हायेत?" असं चालू असताना बांधावरून दप्तर सांभाळत पळणारा मी दिसलो, की सगळ्या टायरांत एकदम हवा भरली जाई. मी चढलो की मामा हात जोडत. "या कलेक्टरसाहेब. गालिचा टाकायचा ऱ्हायला आज." सगळी गाडी हसायची. मी मान खाली घालून दांडा धरून उभा राहायचो, आणि मला पक्कं वाटायचं की या माणसाचा माझ्यावर काहीतरी राग आहे.

टायरांचा आणि माझा काही संबंध आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेही त्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून. मी धावत मामांकडे गेलो, पाया पडलो. मामा म्हणाले, "उठा ग्रॅजवेट. टायर खराबच होते ते." त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढू दिला नाही. लोक शिष्यवृत्तीवर शिकतात, कुणी मामाच्या घरी राहून शिकतात. माझं शिक्षण टायरांतल्या हवेवर झालं आहे.

मामांना एकच लेक, संगीता. मामी ती लहान असतानाच गेल्या. शाळेला सुट्टी असली की मामा तिला गाडीवर घेऊन जात. ती कंडक्टरच्या सीटवर खिडकीशी बसून पाढे म्हणायची आणि सेलू येईपर्यंत पंधराच्या पाढ्यात अडकायची. पुढे ती नर्स झाली, परभणीत नोकरीला लागली, लग्न झालं. नवरा आधीच कॅनडात होता. चारेक वर्षांपूर्वी तीही टोरांटोला गेली. दिल्लीहून विमान होतं. मामा तिला सोडायला रेल्वेने दिल्लीपर्यंत गेले, आणि परत आले ते हा शोध घेऊन.

शोध असा. संगीताच्या तिकिटावर लिहिलं होतं की विमान दिल्लीहून पहाटे तीनला सुटतं आणि टोरांटोला त्याच तारखेला सकाळी आठला पोचतं. मामांनी आयुष्यभर केलं तेच केलं. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली. पाच तास. नागपूरच्या गाडीला नऊ. म्हणजे टोरांटो अलीकडे आणि नागपूर पलीकडे.

वास्तविक दिल्ली ते टोरांटो हे अंतर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. मामांच्या हिशेबात एकोणीसशेच्या वर टप्पे. विमानाला साडेचौदा तास लागतात. तिकडची घड्याळं त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात, ते काही मामांच्या वजाबाकीत आलं नाही. येणार तरी कसं? देवगाव फाट्यावरून सुटलेली गाडी कुठेही पोचली तरी तिथे इथल्याइतकेच वाजलेले असतात. न वाजून सांगतील कुणाला?

फाट्यावर या शोधाचं जे स्वागत व्हायचं ते झालं. बब्बूभाई म्हणाला, "मामू, कॅनडा इत्ता नजदीक है तो चाय पिके आ जाव ना. मैं दूध गरम रखता." मामा म्हणाले, "विमानाला थांबा न्हाई ना इथं. थांबा दिला असता तर रोज गेलो असतो." दुबई बघून आलेले आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांचं मत घेण्यात आलं. ते म्हणाले, विमानात वेळ कसा जातो कळतच नाही. हे शास्त्रीय मत समजून मामांच्या बाजूने धरलं गेलं.

लेक परदेशी गेली म्हणून हळहळायला बायका यायच्या. "एकुलती एक पोर, आन् इतक्या लांब दिली ओ तुमी." मामा त्यांच्यावर डोळे वटारायचे. "कुठं लांब? पाच तास. तुमची पोरगी इथं जवळ बोरीला दिलीय. मागल्या दिवाळीला ती आली का? न्हाई ना? मंग लांब कोन हाय?" बाई हळहळायला आलेली असायची, रडत घरी जायची.

मी भूगोलाचा शिक्षक असल्यामुळे ही चूक दुरुस्त करणं माझं कर्तव्य होतं, आणि मी ते केलं नाही. शाळेत भूगोल शिकवतो म्हणजे तरी काय करतो? रेखावृत्तावरच्या प्रश्नाचे दोन गुण मुलांना मिळवून देतो. मामांना गुण नको होते. त्यांना पाच तास हवे होते, ते त्यांच्याकडे होते.

अडचण यंदा आली. संगीताला मुलगी झाली, आणि तिने वडिलांना बोलावलं. पासपोर्टची, व्हिसाची कागदपत्रं माझ्याकडे आली. मामांनी मला पुरतं छळलं. फोटोवाला म्हणाला, "बाबा, हसू नका." मामा म्हणाले, "मी कुठं हसायलोय? तोंडच असं हाय." पूर्वी परदेश प्रवास केला आहे का, असं विचारलं तर म्हणाले, "माझा बाप निजामाच्या काळात मुंबईला गेला होता. तवा ते दुसऱ्याचं राज्य होतं. लिही." पण सह्या मात्र सांगेल तिथे मुकाट केल्या. व्हिसा आला. संगीताने जायचं-यायचं तिकीट पाठवलं. मी ते छापून मामांच्या हातात दिलं. त्यांनी आधी भोक पाडलं. मग वाचलं. जायची बाजू वाचून मान डोलावली. यायच्या बाजूवर त्यांची नजर अडकली.

"मास्तर, हे बघितलं का? तिकडून रात्री दहाला निघायलंय. आन् दिल्लीला पोचायलंय दुसऱ्या दिवशी रात्री दहाला."

"बरोबर आहे, मामा."

"चोवीस तास. जाताना पाच, येताना चोवीस." त्यांनी कागदाची घडी केली. "जायला जवळ, यायला लांब."

"चढाव होगा मामू," बब्बूभाई कपबशा विसळत म्हणाला. "जिंतूर के घाट जैसा."

"चढ असंल न्हाईतर थांबे असतील. वाटंत कुणी हात केला की थांबवत असंल. खात्याचा माणूस सगळीकडं सारखाच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "संगीला कळव. जमत न्हाई म्हणाव. यायला लांब हाय."

मला वाटलं थट्टा असेल. दोन दिवसांनी संगीताचा फोन आला.

"ग्यानबादादा, अण्णा येत न्हाई म्हणायलेत. काहून म्हणलं, तर म्हणे वापस यायला लांब हाय. आता हे मी इथं ह्यांना कसं सांगू? हे इंजिनियर हायेत."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोलाच. तुमी भूगोलाचे सर. तुमचं ऐकतेत ते." मामा माझं ऐकतात, ही बातमी मला टोरांटोहून कळली. मग तिचा आवाज जरा बदलला. "दादा, पोरीला त्यांनी एकदा कडंवर घ्यावं, एवढंच म्हणणं हाय माझं. फोनमदी बघून बघून तिला वाटायलंय आजोबा म्हंजे काचंतला माणूस."

आता मात्र कर्तव्य टाळता येण्यासारखं नव्हतं. जायला आणि यायला सारखंच आहे हे मामांना पटवलं, की त्यांच्याकडे सबब उरत नव्हती. रविवारी दुपारी मी एक मोसंबी घेऊन फाट्यावर गेलो.

मोसंबी म्हणजे पृथ्वी आणि मोबाईलचा उजेड म्हणजे सूर्य. हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी करतो आणि तो सगळ्या मुलांना समजतो. कारण समजला नाही म्हणणाऱ्याला मी तोच प्रयोग पुन्हा दाखवतो. मोसंबीवर पेनाने दोन टिंबं काढली. एक दिल्ली, एक टोरांटो. हॉटेलातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाईल लावला आणि मोसंबी हळूहळू फिरवली. बब्बूभाईसुद्धा हात पुसत बघायला आला.

"हे बघा मामा. आपल्याकडे ऊन आहे, तेव्हा ते अंधारात आहेत. म्हणून त्यांची घड्याळं वेगळी."

"म्हंजे आपले आता दुपारचे दोन, तर तिकडं?"

"पहाटेचे साडेचार."

मामा मोसंबीवरच्या त्या टिंबाकडे जरा वेळ बघत राहिले. "निजल्या असतील मंग दोघी," म्हणाले. मग एकदम कंडक्टरच्या आवाजात, "एका खात्यात दोन घड्याळं? माझ्या केबिनीत असं झालं असतं तर मेमो आला असता मला. सगळ्या जगात असं चालू हाय आन् तुमी पोरांना शिकवायलात!" आणि पृथ्वी माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी ती सोलली. एक फोड बब्बूभाईला, एक मला, एक स्वतःला. "कॅनडा आंबट निघाला."

"और दिल्ली?"

"दिल्लीत नुसत्या बिया."

मला राग आला. राग आला की मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायला लागतो. "मामा, तुमची वजाबाकी चुकली आहे. जायला पाच तास नाहीत, यायला चोवीस नाहीत. जायला साडेचौदा आणि यायलाही साडेचौदा. एका मिनिटाचा फरक नाही. सबब सांगायची तर खरी सांगा. तिकडे लेक वाट बघते आहे आणि तुम्ही इथे चढ-उतार सांगताय."

बब्बूभाई चहा बघतो म्हणून आत गेला. मामांनी हात धोतराला पुसावेत तसे खाकी पँटला पुसले.

"मास्तर, परभणीहून दिल्ली किती टप्पे?"

"मोजले नाहीत."

"मी मोजायलो होतो. संगीला सोडायला गेलो तवा. पण जाताना ती संगं होती. डबा उघडला, ह्याचं सांग, त्याचं सांग. मंग पंधराचा पाढा म्हणून दाखवला, न अडकता. मोजणी ऱ्हायली बाजूला आन् दिल्ली आली बी. तिला आत सोडलं. तिनं काचंतून हात केला, मी बी केला. मंग वापस निघालो." समोरून सेलूची गाडी आली, वेळेवर आली, थांबली, गेली. मामा जागचे उठले नाहीत. "तीच गाडी, तेच रूळ. पन टप्पे सरंनात, मास्तर. एका टेसनात गाडी थांबली, तर मी खाली उतरलो आन् चाकं बघितली. एकेक डब्याची. लोक म्हणले, बाबा, काय पडलंय का तुमचं? मी म्हणलं न्हाई. आता कशाला बघायलो होतो सांग बरं? कोन पळत येणार होतं?"

मी कोपऱ्यातला मोबाईल उचलून त्याचा उजेड बंद केला.

"तिकिटावर लिहिलेलं तू आत्ता वाचलंस. मला चार वर्सं झाली कळून. जायला जवळ हाय, यायला लांब हाय. आता जाईन. पोरीला बघीन, नातीला कडंवर घेईन. तिला वळख लागली, की मंग निघायचं. ह्या टायमाला दिल्लीहून न्हाई, थेट तिथून. एकल्यानं." त्यांनी सालं गोळा करून माझ्या हातात दिली. "ती वापसी माझ्याच्यानं होत न्हाई."

मी भूगोलाचा पदवीधर. रेखावृत्तं, प्रमाणवेळ, सगळं पाठ. त्या घटकेला माझ्या हातात मोसंबीची सालं होती.

ती बाहेर टाकून आलो. मग मी म्हणालो, "मामा, येताना मी दिल्लीला येतो."

"तू कशाला?"

"तुम्हाला घ्यायला. विमानाचा टप्पा तुमचा. दिल्लीपासूनचे टप्पे आपल्या दोघांचे. मी मोजतो, तुम्ही झोपा."

मामांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बिनतिकीट प्रवाशाकडे बघावं तसं. "तुला रेल्वेत बसता येतं का? मेंढरावानी दारात उभा ऱ्हाशील, आन् कुठल्या तरी टेसनात मलाच तुला हुडकावं लागंल."

हा होकार होता. मी त्यांच्या गाडीत दहा वर्षं चढलो आहे. मला त्यांची भाषा कळते.

सोडायलाही मीच गेलो. दिल्लीपर्यंतच्या प्रवासात मामांनी माझ्या बायकोने दिलेल्या धपाट्यांना, रेल्वेच्या चहाला आणि माझ्या पदवीला, या क्रमाने, नावं ठेवली. समोरच्या प्रवाशाला त्यांनी मी कोण ते सांगितलं: "भाचा हाय. मास्तर हाय. मोसंबीवर शिकवतोय."

विमानतळाच्या दाराशी तिकीट नसलेल्यांना थांबवतात. तिथे मामांनी खिशातून चिमटा काढला आणि माझ्या हातात ठेवला. "हे आत नेऊ देत न्हाईत म्हणं. सांभाळ. आन् फोन करत बसू नको. फोनला टप्पे नसतेत. पत्र टाक. बघू किती दिवसांत येतंय."

मागे रांग वाढली होती. शिपाई हिंदीत पुढे चला म्हणत होता. मामा हलेनात.

"विमानाचे टायर कुणी बघितलेत का? विचार की त्याला."

"बघितलेत, मामा."

"सगळे?"

"सगळे. मी आत्ताच विचारलं."

"पलीकडचे?"

"पलीकडचेही."

"बरं," म्हणाले, आणि मागे न बघता आत गेले.

परत आल्यावर काही दिवसांनी मी त्यांना पत्र टाकलं. ते असं:

तीर्थस्वरूप लिंबाजीमामा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं संगीताने कळवलं. विमान पाच तासांतच पोचलं, असं तुम्ही जावयांना सांगितल्याचंही कळवलं. ते इंजिनियर असूनही काही बोलले नाहीत, म्हणजे माणूस चांगला आहे. मी फाट्यावर सगळ्यांना पाच तासच सांगितले आहेत.

बब्बूभाई तुमच्या जागेवर कुणाला बसू देत नाही. वर्तमानपत्राला भोक नसल्यामुळे आता त्याला स्वतःचं भविष्य रोज वाचावं लागतं, आणि ते काही खास नसतं असं तो म्हणतो. परवा सेलूची गाडी उशिरा आली. कुणीच उठून नमस्कार केला नाही, तेव्हा ड्रायव्हरने स्वतः खाली उतरून विचारलं की मामा कुठे आहेत. या पत्राच्या कोपऱ्याला भोक दिसेल, ते उंदराचं नाही. चिमटा माझ्याकडे आहे आणि चालू स्थितीत आहे.

एक गोष्ट कळवायची होती. मी वर्गात दरवर्षी शिकवतो, की दोन ठिकाणांमधलं अंतर कुठल्याही बाजूने मोजलं तरी सारखंच भरतं. तुम्हाला सोडून मी परत निघालो. जाताना भोपाळ कधी गेलं ते कळलं नव्हतं. येताना समोरच्या जागेवर एक भला माणूस बसला होता. त्याने माझ्या धपाट्यांना नावं ठेवली नाहीत, उलट चांगले झालेत म्हणाला. मामा, भोपाळ येता येईना. मनमाडच्या अलीकडे तर मला वाटलं, रूळ कुणीतरी वाढवून ठेवलेत.

तेव्हा लेखी देतो. जायला जवळ, यायला लांब. तुमची रीत चुकली आहे, उत्तर बरोबर आहे. शाळेत याला मी गुण देत नाही. तुम्हाला दिले.

परतीची तारीख माझ्या लक्षात आहे. पण नातीला अजून ओळख लागली नसेल, नाहीतर लागली म्हणूनच पाय निघत नसेल, तर तारीख खुशाल पुढे ढकला. मी दिल्लीला येणार हे ठरलेलं आहे. उशीर झाला तर मी तुम्हाला कलेक्टरसाहेब म्हणणार, गालिच्याचंही विचारणार, सगळ्या डब्यासमोर. त्याची तयारी ठेवा. पण पळत येऊ नका.

सावकाश या. मी इथे टायर बघत उभा आहे.

तुमचा,
ग्यानबा